शिवराम जानबा कांबळे : छातीच्या मापापलीकडचा पुरुषार्थ

भरतीच्या मैदानावर तरुणाची उंची आणि छाती मोजतात. पण १८९२ च्या सुमारास महार तरुणाला मोजण्याआधीच परत पाठवले जाऊ लागले. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धान्त सैन्यात रुजला होता. शीख, गुरखा, पठाण जन्मजात मर्द. महार लढण्यास नालायक. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या २२ महार सैनिकांची नावे कोरलेली असताना हे ठरले.

१८७५ साली जन्मलेले शिवराम जानबा कांबळे तेव्हा ऐन तारुण्यात होते. पुण्यात बटलरची नोकरी सांभाळून त्यांनी चळवळ उभी केली. १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरवली. सैन्यात आणि पोलिसांत प्रवेश द्या, ही मागणी सरकारकडे गेली. दाद मिळाली नाही, तेव्हा १९१० मध्ये त्यांनी थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. प्रश्न केवळ गणवेशाच्या रुबाबाचा नव्हता. पलटणीमुळे शाळा मिळाली, पेन्शन मिळाली. गोपाळबाबा वलंगकर आणि सुभेदार रामजी याच वाटेने आले. भरती बंद म्हणजे ही वाट बंद.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली आणि १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली. महार रेजिमेंट स्थापन व्हायला १९४१ साल उजाडले. या सगळ्या काळात महारांचे शरीर बदलले नव्हते. सरकारची गरज तेवढी बदलत होती.

कांबळे यांनी पुरुषार्थाची दुसरी कसोटी मात्र स्वतःच्या समाजापुढे ठेवली. १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ मासिकातून त्यांनी मुरळी सोडण्याच्या प्रथेवर हल्ला चढवला. शिवूबाई या मुरळीने त्याच मासिकात पत्र लिहून आपली व्यथा मांडली. मुरळ्यांशी लग्न करण्यास तरुणांनी पुढे यावे, असे आवाहन कांबळे यांनी केले आणि त्यांच्याच एका सहकाऱ्याने शिवूबाईशी लग्न केले. त्या काळी यासाठी लागणारी हिंमत दंडाच्या घेरात मोजता आली नसती.

मित्रांनो, व्यायाम जरूर करा. पण आपला रंग, उंची, अंगकाठी कमी ठरवणारी फूटपट्टी कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहा. कांबळे यांनी ती साहेबाच्या हातातली नाकारली आणि आपल्या घरातलीही.