विल्यम बेटसन

वाटाण्याच्या वेलींवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मठवासी मेंडेल आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेत. त्यांच्या विस्मृत निबंधाचा कैवार घेणारे विल्यम बेटसन मात्र फारसे परिचित नाहींत.

बेटसन ह्यांचा जन्म १८६१ सालीं इंग्लंडांत झाला. १९०० सालीं तो निबंध वाचल्यावर त्यांनीं केंब्रिज येथें त्या नियमांची पडताळणी आरंभिली. स्वीट पीच्या दोन पांढऱ्या जातींचा संकर करितां जांभळीं फुलें आलीं! प्रत्येकींत रंगाचा निरनिराळा घटक होता. दोहोंचा मेळ पडतांच रंग प्रकटला.

विषाणूंतही असेंच घडतें. २००७ सालापासून पसरलेल्या इन्फ्ल्युएंझाच्या एका जातींत ओसेल्टामिविर हें औषध निष्फळ करणारा बदल होता. तो एकटा असतां विषाणूस दुर्बल करी. इतर बदलांची जोड मिळतांच तें वैगुण्य भरून निघालें.

मॉर्गन ह्यांचा गुणसूत्रसिद्धांत बेटसन ह्यांनीं वर्षानुवर्षें नाकारिला; परंतु १९२१ सालीं अमेरिकेंत पुरावा डोळ्यांनीं पाहून, साठाव्या वर्षीं त्यांनीं जाहीरपणें बरीच माघार घेतली. १९२६ सालीं ते निवर्तले. सत्यापुढें मान लवविणें हा पराभव नव्हे, हें आम्हां शिक्षकांनींही त्यांजपासून शिकावें.