बाकापलीकडची शाळा

कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमधील एका बाकाची गोष्ट दक्षिण महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा अंगापिंडाने दणकट, कुस्तीत रमणारा आणि परीक्षेत मागे पडणारा एक विद्यार्थी तेथे शिकत होता. त्याला वरच्या वर्गात घालावे, अशी सूचना खुद्द शाहू छत्रपतींकडून आली. गणिताच्या मास्तरांनी ती मानली नाही. हा मुलगा ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ पुढच्या वर्गात नेता येईल, मुलाला मात्र नेता येणार नाही, असे त्यांनी महाराजांना कळविल्याचे सांगतात. गोष्टीत पदरचे किती मिसळले असेल ते असो. भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे सरकले नाही, ही वस्तुस्थिती आहे. याच माणसाने पुढे हजारो मुलांना हायस्कुलात आणले आणि त्यातील अर्धे शिक्षण बाकावरून उठवून शेतात, स्वयंपाकघरात व बांधकामावर नेले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. मूळ गाव आताच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला असल्याने बिऱ्हाड गावोगावी फिरत असे. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या विहिरीचा रहाटच लहानग्या भाऊरावांनी मोडून आत टाकला, अशी एक आठवण त्यांच्या चरित्रांत येते. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगात राहत. बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले, परत आल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. वसतिगृह म्हणजे नुसते डोक्यावरचे छप्पर नसते. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो आणि कोण बसत नाही, हेही तेथेच ठरते, याचा धडा त्यांना विद्यार्थीदशेतच मिळाला. पुढच्या आयुष्यात त्यांनी शाळांच्या आधी वसतिगृहे काढली, त्याचे एक मूळ येथे शोधता येते.

शाळा सुटली तशी पोटामागची वणवण सुरू झाली. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे ओगल्यांच्या काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. मतभेद झाल्यावर ते तेथून बाहेर पडले. चरित्रकार हा काळ भराभर ओलांडून जातात. वास्तविक भाऊरावांचे खरे शिक्षण याच वाटांवर झाले. कुळवाड्याला नव्या नांगराचा उपयोग पटवून द्यायचा, तर त्याची जमीन, त्याचे कर्ज आणि त्याची भीती समजून घ्यावी लागते. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा शेतकरी त्यांना गावोगाव भेटत होता आणि त्याचा मुलगा बहुधा गुरांमागे होता.

हा मुलगा शाळेत का नव्हता, याचे उत्तर निव्वळ अनास्थेत नव्हते. गावातली शाळा असलीच तर प्राथमिक. पुढे शिकायचे तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जायचे, म्हणजे खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च आला. ब्राह्मण घरातील गरीब मुलाला शहरात निदान माधुकरीचा आणि वार लावून जेवण्याचा आधार होता. कुणबी, धनगर, रामोशी, महार, मांग, मुसलमान या घरांतल्या मुलांसाठी अशी घरे कोण उघडणार? त्यात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे शेतावरचे कमावते दोन हात. तो हायस्कुलात गेला की घरातली मजुरी बुडत असे. फी माफ करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. मुलाच्या पोटाचीच सोय व्हायला हवी होती. भाऊरावांच्या शिक्षणपद्धतीचा उगम एखाद्या ग्रंथात शोधणाऱ्यांच्या नजरेतून हा साधा हिशेब निसटतो.

सत्यशोधक विचारांच्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आरंभ वसतिगृहानेच झाला. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह निघाले आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सगळ्या जातींची मुले एका चुलीवर रांधून एका पंक्तीत जेवताना गांधीजींनी तेथे पाहिली. आपल्या साबरमतीच्या आश्रमातही जे मनासारखे साधले नव्हते ते येथे दिसल्याने ते प्रभावित झाल्याचे सांगितले जाते.

या बोर्डिंगात नोकरचाकर नव्हते. दळण, पाणी, झाडलोट, स्वयंपाक ही कामे मुलेच वाटून घेत. भाजीपाला आणि शेती त्यांनी करायची, बांधकाम निघाले की दगडमाती त्यांनीच वाहायची. खेड्यापाड्यांतील बायका दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत आणि या मुष्टिफंडाचे धान्य कोठीत येत असे. कोठीत किती आले, किती शिजले आणि महिनाअखेर पुरेल किती, हा त्रैराशिकाचा प्रश्न या मुलांच्या पुढे रोज संध्याकाळी जिवंत उभा असे. उत्तर चुकले तर उपाशी निजण्याची पाळी येत असे.

जातीचा प्रश्नही असाच सुटत गेला. समतेवर व्याख्याने देण्याची भाऊरावांना हौस नव्हती असे नाही. ते बोलू लागले की सभा जिंकीत. पण व्याख्यान ऐकून घरी गेलेला मुलगा घरच्या पंक्तीत बसतो, हे त्यांना ठाऊक होते. ज्याने पीठ मळले त्याची भाकरी खायची, आपण काढलेले पाणी दुसऱ्याने प्यायचे, हे वर्षानुवर्षे दिवसातून दोनदा घडत राहिले की मनातील विटाळ टिकून राहणे अवघड होते. जातीमुळे कोणाला झाडूची सूट नव्हती आणि जातीमुळे कोणाच्या वाट्याला फक्त झाडूच येत नव्हता. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिल्याइतकेच आहे.

या उभारणीची सर्वांत मोठी किंमत मोजली ती लक्ष्मीबाईंनी. कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातील ही मुलगी सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली. महारा-मांगाच्या मुलांना आपल्या चुलीपाशी घेणे तिला पहिल्या दिवसापासून सोपे गेले असेल, असे मानणे तिच्यावरच अन्याय करण्यासारखे आहे. तरीही त्या या मुलांच्या आई झाल्या. माहेरचे दागिने एकेक करून बोर्डिंगच्या खर्चात गेले. भाऊराव फिरतीवर असताना कोठीतील धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र देऊन मुलांच्या जेवणाची सोय केली. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले. स्वावलंबी शिक्षणाच्या गौरवात त्यांचे नाव उल्लेखापुरते येते, हे खटकते. पहिली काही वर्षे ही व्यवस्था मुलांच्या श्रमाइतकीच एका स्त्रीच्या सोन्यावर चालली होती.

वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही गांधीजींची कल्पना ‘नयी तालीम’ या नावाने देशापुढे आली. तोवर साताऱ्याच्या बोर्डिंगला तेरा वर्षे होऊन गेली होती. दोन्ही प्रयोगांत साम्य असले तरी एक भेद आहे. वर्ध्याच्या योजनेत एखादा उद्योग अभ्यासक्रमाच्या मध्यभागी होता आणि इतर विषय त्याच्याशी जोडायचे होते. भाऊरावांनी गणित, इंग्रजी, इतिहास यांना हात लावला नाही. त्यांच्या मुलाला इतरांसारखीच परीक्षा द्यायची होती आणि त्यात उतरायचेही होते. कष्टकऱ्याच्या मुलाला केवळ कष्टाचेच शिक्षण दिले तर तो होता तेथेच राहील, हे त्यांनी नेमके ओळखले होते. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे या दृष्टीने बोलके आहे.

१९३५ मध्ये शिक्षक घडविण्यासाठी साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज निघाले, पाठोपाठ शाळा नसलेल्या खेड्यांतून व्हॉलंटरी शाळांचे जाळे पसरले. त्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली. पण माध्यमिक वयाच्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९४०. बडोद्याचे सयाजीराव महाराज आदल्या वर्षी निवर्तले होते. त्यांच्या नावाने साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहण्याची सोय आहे आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने काम करायचे, या तत्त्वावरचे हे निवासी हायस्कूल. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आता वसतिगृहापुरती न राहता हायस्कुलाच्या रचनेतच आली.

या योजनेवर टीका होत नव्हती असे नाही. मुलाला शिकायला पाठवले ते शेणमातीत हात घालण्यासाठी का, हा आईबापांचा सवाल अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेणमातीच होती त्याला शाळेकडून त्यातून सुटका हवी असते. दिवसभर खणून आलेल्या मुलाचा डोळा रात्री पुस्तकावर लागतो, हेही खरे. श्रमाचे गोडवे गाणे पोट भरलेल्या माणसाला सोपे जाते. भाऊरावांच्या बाजूने इतके म्हणता येईल की, त्यांनी श्रमाचा मोबदला शिक्षणाच्या रूपाने त्याच मुलाच्या पदरात टाकला. श्रम मुलाचे आणि नफा दुसऱ्याचा, असा हा सौदा नव्हता. दुसरे असे की, स्वतः बांधलेल्या भिंतीआड शिकणाऱ्या मुलाला शाळा उपकार वाटत नाही. फुकट मिळणाऱ्या शिक्षणातील मिंधेपणा या भिंतींनी घालवला. मुलींना मात्र या सगळ्यात फार कमी जागा मिळाली, ही त्या काळाची मर्यादा आहे, तशी प्रयोगाचीही. साताऱ्यातील मुलींच्या वसतिगृहाला पुढे लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले.

जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही कमवा आणि शिका याच पायावर. खडकाळ माळ फोडून विद्यार्थ्यांनी जागा केली आणि इमारतीसाठी घाम गाळला. मोठ्या देणगीच्या बदल्यात कॉलेजला आपल्या घराण्यातील नाव द्यावे, असा प्रस्ताव एका धनिकाने आणला होता, असे सांगतात. वेळ आली तर स्वतःच्या बापाचे नाव बदलीन, शिवाजी महाराजांचे बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन भाऊरावांनी त्याची बोळवण केली. पैशाची गरज नव्हती म्हणून हा बाणेदारपणा दाखविला, असे समजू नये. गांधीहत्येनंतर महात्माजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला; त्याच सुमारास राजकीय मतभेदातून सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. शिक्षकांच्या पगाराची भ्रांत पडली. गाडगेबाबांसारखा संत त्यांच्या पाठीशी उभा राहिला, लोकांनी धान्य आणि पैसा दिला, आणि अनुदान पुन्हा सुरू होईपर्यंत संस्था तगली. मुलांनी चालविलेल्या चुलींना सरकारी मंजुरी लागत नव्हती, याचा त्या दिवसांत उपयोग झाला.

भाऊरावांच्या पश्चात कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात कार्यानुभवाची शिफारस केली आणि हा विषय वेळापत्रकात आला. पुढे शहरी शाळांतून त्याचे जे झाले ते पालकांना ठाऊक आहे: प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईने पूर्ण केलेली कागदी फुले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस देऊ केले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावे, अशी त्यामागची कल्पना. स्तुत्यच आहे. साताऱ्यातील मुलांचे मात्र वर्षाचे सगळेच दिवस तसे होते आणि दप्तरही सुटलेले नव्हते. पुणे विद्यापीठातील कमवा व शिका योजना आज भाऊरावांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात किंवा बागेत काही तास काम करून खेड्यातून आलेली मुले खाणावळीचे पैसे भागवतात. खाणावळीचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही तोच आहे.

दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशा वेशातील कर्मवीर अण्णांना २६ जानेवारी १९५९ रोजी पद्मभूषण जाहीर झाले. त्याच वर्षी ५ एप्रिलला पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ज्यांना वर्गाने पुढच्या बाकावर जाऊ दिले नव्हते, त्यांना विद्यापीठाने आपली सर्वोच्च पदवी दिली तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वटवृक्ष हे त्यांनी उभारलेल्या संस्थेचे बोधचिन्ह. त्यांची समाधी साताऱ्यात आहे.