बंद पडायच्या बेतात असलेल्या 'कॉर्व्हेट'ला वाचवणारा झोरा डुंटोव्ह आणि त्याचा गाजलेला कॅमशाफ्ट

रिसोड असो नाहीतर पुणे, गाडीच्या शौकीन पोरांची मागणी ठरलेली असते. गाडीला दणकून ताकद पाहिजे, पण बाजारातल्या गर्दीतून जाताना तिने झटकेही खाता कामा नयेत. जुना मेकॅनिक हे ऐकून हसतो, कारण या दोन गोष्टींचं आपसात पटत नाही.

त्यांचं जमवून देण्यात एका माणसाने हयात घालवली. त्याचं नाव झोरा आर्कस-डुंटोव्ह.

झोराचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी बेल्जियममधल्या ब्रसेल्सचा. आईवडील रशियन ज्यू. लहानपण रशियात गेलं. पुढे आईने दुसरा जोडीदार निवडला, म्हणून झोराच्या नावाला दोन आडनावं चिकटली. इंजिनिअरिंगचं शिक्षण बर्लिनमध्ये झालं, पण तोवर जर्मनीत हिटलर आला होता.

झोरा फ्रान्सला गेला. १९३९ मध्ये एल्फी नावाच्या नर्तिकेशी लग्न केलं आणि युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच हवाई दलात भरती झाला. १९४० मध्ये फ्रान्स पडला. नाझी फौजा पॅरिसच्या दारात असताना एल्फीने आपली एमजी गाडी काढली आणि थेट बोर्दो गाठलं. पुढे हे कुटुंब पोर्तुगालमार्गे बोटीने न्यूयॉर्कला पोचलं.

तिथे झोरा आणि त्याचा भाऊ युरा यांनी 'आर्डुन' ही कंपनी काढली. फोर्डच्या व्ही-८ इंजिनासाठी त्यांनी ॲल्युमिनियमचे नवे सिलिंडर हेड बनवले. मूळ हेतू होता ट्रकची इंजिनं तापू नयेत हा, पण त्यांनी ताकद इतकी वाढली की रेस करणारी मंडळीच त्यांच्या प्रेमात पडली. कंपनी मात्र टिकली नाही.

१९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात झोराने शेव्हरोलेची नवी कोरी 'कॉर्व्हेट' पाहिली. दिसायला देखणी, पण आत साधं सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याने कंपनीला पत्र लिहिलं आणि १ मे १९५३ रोजी जनरल मोटर्समध्ये रुजू झाला. वय ४३.

गाडीची अवस्था बिकट होती. १९५४ मध्ये ३,६४० कॉर्व्हेट बनल्या, पण त्यातल्या बऱ्याच विकल्याच गेल्या नाहीत. १९५५ मध्ये जेमतेम ७०० बनल्या. गाडी बंद करायची चर्चा सुरू झाली.

झोराने १९५३ च्या डिसेंबरमध्येच वरिष्ठांना एक टिपण दिलं होतं. त्याचा सारांश असा, की तरुण पोरं फोर्डची इंजिनं खोलून, सुधारून मोठी होतात, म्हणून पुढेही फोर्डच घेतात. त्यांना आपल्याकडे वळवायचं तर ताकद वाढवणारे सुटे भाग कंपनीनेच तयार करून विकायला हवेत. या भागांमधला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे कॅमशाफ्ट.

पण कॅमशाफ्ट नेमकं करतो काय?

इंजिन म्हणजे श्वास घेणारं यंत्र. हवा-पेट्रोल आत घेणारा एक व्हॉल्व, धूर बाहेर सोडणारा दुसरा. ते कधी आणि किती वेळ उघडायचे हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात.

व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवले तर वेगात फिरणाऱ्या इंजिनाला भरपूर हवा मिळते आणि ताकद वाढते. पण मग काही क्षण दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे राहतात. इंजिन हळू फिरत असताना याच क्षणात जळका धूर उलटा आत शिरतो, ताजं मिश्रण बिघडतं आणि गाडी थांबल्या जागी धडधडते, मिसिंग मारते.

१९५५ च्या अखेरीस झोराने यावर आपला उपाय काढला. व्हॉल्व फार उंच उचलण्याच्या मागे न लागता, तो जास्त वेळ उघडा राहील आणि हळुवार उघडेल-मिटेल असा कॅम त्याने आखला. त्यामुळे इंजिन वरच्या आरपीएमलाही न अडखळता फिरू लागलं.

जानेवारी १९५६ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर झोराने स्वतः कॉर्व्हेट चालवली. जाता-येताची सरासरी निघाली ताशी १५० मैलांहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर! हा कॅम पुढे 'डुंटोव्ह कॅम' म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्याच वर्षी चाचणीत अपघात होऊन झोराच्या पाठीचं हाड मोडलं. तरीही फ्युएल इंजेक्शनचं काम त्याने सोडलं नाही. १९५७ च्या कॉर्व्हेटमध्ये हे इंजेक्शन आणि डुंटोव्ह कॅम एकत्र आले. २८३ घनइंच म्हणजे साधारण ४.६ लिटरच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर मिळाली आणि एका घनइंचाला एक हॉर्सपॉवर ही जाहिरात गाजली.

असा कॅम बसवल्यावर गाडी शांत कशी चालवायची?

सगळ्यात आधी टॅपेटचं अंतर. डुंटोव्ह कॅमला ते इंचाच्या हजारातले १२ आणि १८ भाग एवढंच लागायचं, तेही इंजिन गरम असताना मोजून. अंतर चुकलं तर कॅमचं सगळं गणित चुकतं.

दुसरं, स्लो स्पीड थोडा वाढवायचा. तिसरं, कमी आरपीएमला स्पार्क जरा आधी द्यायचा, कारण धूर मिसळलेलं मिश्रण सावकाश जळतं. त्यानंतर मिश्रण नीट जुळवायचं. इतकं करूनही गाडी साध्या कॅमसारखी गप्प उभी राहत नाही, पण गर्दीतून चालवण्याजोगी नक्कीच होते.

पुढे १९६४ मध्ये '३०-३०' नावाचा आणखी आक्रमक कॅम आला. दोन्ही व्हॉल्वना हजारातले ३० भाग अंतर, म्हणून हे नाव. वरच्या वेगात तो जबरदस्त होता, पण सिग्नलला उभी गाडी अक्षरशः थरथरायची. म्हणजे कॅम जितका मोठा तितका भारी, असं नसतं. गाडी कुठे चालणार यावर तो निवडायचा असतो. रिसोड-वाशिम रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीला रेसचा कॅम काय कामाचा?

झोरा १९७५ मध्ये निवृत्त झाला. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असलेली कॉर्व्हेट बनवायचं त्याचं स्वप्न होतं. त्यासाठी त्याने नमुना गाड्या बनवल्या, वर्षानुवर्षं भांडला, पण कंपनीने ते मान्य केलं नाही. २१ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटमध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या अस्थी केंटकीतल्या कॉर्व्हेट संग्रहालयात ठेवल्या आहेत.

त्यानंतर २४ वर्षांनी, २०२० सालच्या मॉडेलची कॉर्व्हेट बाजारात आली. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे होतं.