मदरसा ते मिडल टेंपल : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी



जून महिना जवळ आला की आपल्या भिवंडीत घरोघरी एकच खल सुरू होतो. मुलाला उर्दू शाळेत घालावे, मराठी शाळेत घालावे, की पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी माध्यमाची फी भरावी? आणि मूल कोणत्याही शाळेत गेले तरी वर्षाअखेर शिक्षकासमोर उभे राहून आईबाप विचारतात ते एवढेच : सर, ह्याला इंग्रजी कधी येणार? हा प्रश्न आजचा नाही. मुंबईतील एका मुसलमान घराने सुमारे एकशे सत्तर वर्षांपूर्वी तो सोडवला होता, आणि तोही आपली भाषा व आपला दीन न सोडता. त्या घरच्या एका मुलाची हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्याचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात राष्ट्रीय सभेचे तिसरे अध्यक्ष म्हणून वाचले असेल. पण पुस्तकात ती एक ओळ असते आणि परीक्षा संपली की ती ओळही विसरली जाते.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे, मूळचे खंबायतकडचे. वडील मुल्ला तय्यबअली हे व्यापारी गृहस्थ. त्या काळी मुलगा इंग्रजी शाळेत गेला म्हणजे हातचा गेला, असे मानणारे लोक आपल्या समाजात पुष्कळ होते. त्यांना सरसकट अडाणी म्हणणे योग्य होणार नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या कित्येक शाळा मिशनऱ्यांच्या होत्या, तेव्हा भीतीला कारण होते. तय्यबअलींनी मात्र भीतीवर वेगळा इलाज केला. मुलाला प्रथम मदरशात घातले. तेथे उर्दू आणि फारसी पक्की झाली. त्यानंतर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, आणि त्यानंतर विलायत. क्रम नीट पाहा. मुळे आधी जमिनीत गेली, फांद्या नंतर परदेशी पसरल्या.

याच घराने आणखी एक गोष्ट केली. घरात पिढ्यान्‌पिढ्या गुजराती बोलली जात असे. ती बाजूला ठेवून घरात हिंदुस्तानी, म्हणजे आपण जिला उर्दू म्हणतो ती भाषा, बोलायची असे ठरले. एखादी भाषा ठरवून घरात आणता येते आणि लहानथोरांनी रोज बोलली की ती घरचीच होते, हा धडा या मुलांनी शाळेच्या बाकावर बसून घेतलेला नाही. तो त्यांनी दस्तरख्वानावर घेतला.

बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आधीच इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर झाले होते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरची सनद मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. बद्रुद्दीन यांचे डोळे लहानपणापासून अधू. त्यांच्यावर उपचार करण्यासाठी त्यांना फ्रान्सला पाठवण्यात आले आणि १८६० साली ते लंडनच्या शाळेत दाखल झाले. वय पंधरा-सोळा. म्हणजे आपल्या दहावीच्या मुलाएवढे.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. परका देश, परकी भाषा, आणि पुस्तक डोळ्यांपुढे धरले की डोळे दुखायचे. असा मुलगा तीन वर्षांत, १८६३ मध्ये, लंडन विद्यापीठाची मॅट्रिक उत्तीर्ण झाला. हे कसे झाले असेल? माझा कयास असा की डोळ्यांनी कमी साथ दिली म्हणून कानांनी जास्त काम केले असावे. इंग्रजी शिकवताना आपण नेमके उलट करतो. आपल्या वर्गात मुले पाच-सहा वर्षे इंग्रजी पाहतात, पाठ्यपुस्तकात पाहतात, फळ्यावर पाहतात, वहीत उतरवतात, पण ऐकत नाहीत. काळाचे नियम तोंडपाठ असतात; समोरच्याने दोन वाक्ये भरभर बोलली की तोंडचे पाणी पळते.

मॅट्रिकनंतर त्यांनी लंडन विद्यापीठ आणि मिडल टेंपल या दोन्ही ठिकाणी नाव घातले. मिडल टेंपल ही बॅरिस्टर घडवणारी जुनी संस्था. तेथील एक रिवाज गमतीचा वाटेल. नुसती परीक्षा देऊन बॅरिस्टर होता येत नसे. ठराविक सत्रे भरावी लागत आणि सत्र भरणे म्हणजे संस्थेच्या भोजनगृहात ठराविक वेळा इतरांबरोबर जेवणे! आपल्याकडे त्या जेवणांची पुष्कळ थट्टा होते. शिक्षक या नात्याने मला मात्र त्यात मोठे शहाणपण दिसते. वकिलाला ज्या भाषेत आयुष्यभर बोलायचे, ती भाषा बोलणाऱ्या माणसांत बसून, उठून, वाद घालूनच येते.

डोळ्यांनी पुन्हा दगा दिला. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. एखाद्याने तेथेच वडिलांच्या पेढीवर बसून हिशेब पाहिले असते, आणि कोणी नावेही ठेवली नसती. सुमारे वर्षभराने, १८६५ च्या अखेरीस, ते पुन्हा बोटीत चढले. एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला आले. मुंबईचे हायकोर्ट सुरू होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. तेथे उभे राहणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. बाकीचे सारे इंग्रज. वय वर्षे तेवीस. कोर्टात चुकीला वर्गातल्यासारखी माफी नसते. तेथे वाक्य चुकले तर अशिलाचे घर बुडते.

पुढची हकीकत भराभर सांगतो. १८७३ साली ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनमध्ये गेले, १८७५ पासून विद्यापीठाच्या सिनेटवर राहिले आणि १८८२ साली कायदे कौन्सिलात नेमले गेले. इल्बर्ट बिलाच्या वादात, एप्रिल १८८३ मध्ये, मुंबईच्या टाऊन हॉलमधील सभेत त्यांचे भाषण गाजले. त्या सभेत त्यांच्यासोबत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही बोलले. एक मुसलमान, एक पारशी, एक हिंदू. तिघांच्या घरातल्या बोली वेगळ्या. राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची भाषा मात्र एकच, आणि ती राज्यकर्त्यांचीच! १८८५ मध्ये या तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८८७ साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांच्याकडे आले. सर सय्यद अहमद खान यांना मुसलमानांनी राष्ट्रीय सभेत जाणे पसंत नव्हते आणि या प्रश्नावर दोघांत जाहीर मतभेद झाले. पण मुसलमान मुलाने इंग्रजी विद्या घेतलीच पाहिजे, याविषयी या दोन थोर पुरुषांत तिळमात्र अंतर नव्हते.

पालकहो, तुमच्या-माझ्या दृष्टीने त्यांचे खरे काम वेगळेच आहे. १८७४ साली कमरुद्दीन, नाखुदा मुहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मुहम्मद आदी मंडळींसह त्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. यांतले रोगे हे आपल्या कोकणी मुसलमान समाजातले, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी. १८८० मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. दीनी तालीम, उर्दू आणि इंग्रजी, सारे एका छपराखाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची तिची देखणी इमारत १८९३ साली उघडली. कल्याण किंवा ठाण्याहून गाडी धरून तुम्ही तेथे उतरलात तर रस्त्यापलीकडे ती आजही दिसते. बद्रुद्दीन यांच्या वडिलांनी जे आपल्या घरापुरते केले, ते मुलाने साऱ्या समाजासाठी केले. स्वतःच्या मुलांना विलायतेस पाठवून ते गप्प बसू शकले असते.

आता त्यांच्या घरातील एका वहीविषयी सांगतो, कारण मला या चरित्रात सर्वांत अधिक भावली ती हीच. तय्यबजी कुटुंबात एक मोठी वही ठेवलेली असे. तिला ते अखबार म्हणत. घरातील माणसे, मोठी, लहान, बायका, मुली, सारी तिच्यात लिहीत. कोण आले, कोण गेले, कुठे सहल झाली, काय वाचले, कोण आजारी पडले. बहुतेक मजकूर उर्दूत असे. एकाने लिहिलेले दुसरा वाचणार, हे ठाऊक असल्याने प्रत्येक जण जपून आणि मजेने लिही. भाषा शिकवण्याची याहून स्वस्त युक्ती मला ठाऊक नाही. शंभर पानी वही आणि एक पेन. आपल्या घरी असा अखबार ठेवा. आठवड्यातून एक दिवस पाच ओळी इंग्रजीत. काल बाजारात गेलो हे लिहिताना ‘गो’ चे ‘वेंट’ होते, हे मुलाला त्या दिवशी असे कळेल की व्याकरणाच्या तक्त्यातून वर्षभरात कळणार नाही. तक्ता फाडून टाका असे माझे म्हणणे नाही. गोष्टीतून आणि लिहिण्यातून शब्द ओळखीचे झाल्यावर तक्ता उपयोगी पडतो, आधी नव्हे. आईला इंग्रजी येत नसेल तर तिने उर्दूत किंवा कोकणीत लिहावे. वही एकच असली म्हणजे झाले.

जून १८९५ मध्ये बद्रुद्दीन मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. या कोर्टावर बसणारे ते पहिले मुसलमान. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. जामिनाचा अर्ज आधी नामंजूर झाला होता. तो पुन्हा न्या. तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन दिला. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही हे पाहायचे, गुन्हा शाबीत होण्याआधी शिक्षा भोगायला लावायची नाही, असा त्यांचा विचार होता. पुढे खटला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे चालला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

हा प्रसंग इंग्रजीच्या तासाला फार उपयोगी आहे. वर्गातला एक मुलगा सरकारी वकील करावा, एक मुलगी बचावाची वकील, एक न्यायमूर्ती. जामीन का द्यावा आणि का देऊ नये, ‘बिकॉज’ लावून प्रत्येकाने तीन वाक्ये बोलावीत. जी मुले एरवी तोंड उघडत नाहीत ती सरकारी वकील झाली की थांबवावी लागतात. त्याला जोडून चित्रपटही दाखवता येतो. १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा इंग्रजी चित्रपट जवळजवळ संपूर्ण एका खोलीत घडतो. बारा ज्यूरर एका मुलाच्या जिवाचा निर्णय करीत बसलेले. त्याच कथेवर बासू चटर्जींनी १९८६ साली ‘एक रुका हुआ फैसला’ काढला. आधी हिंदी दाखवावा म्हणजे गोष्ट समजते. मग इंग्रजीची दहा मिनिटे दाखवावीत, खाली अक्षरे ठेवून, नंतर तीच दहा मिनिटे अक्षरे झाकून. गोष्ट माहीत असली की कान आपोआप शब्द टिपतात. त्या बारा जणांचे एकमत व्हावे लागते. टिळकांच्या वेळी सहा मते पुरली. हा फरक मुलांनी स्वतः ओळखला आणि मोडक्या इंग्रजीत का होईना सांगितला, तर त्या दिवसाचा तास भरून पावला असे समजावे.

१९०२ साली त्यांनी काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले. मुंबईत त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले हिंदी. १९०३ मध्ये मुंबईला मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली, तिचे ते अध्यक्ष होते. मुलींच्या शिक्षणाविषयी आणि कडक पडद्याविषयी त्यांची मते अनेकांना रुचणारी नव्हती. पण त्यांनी आपल्या सर्व मुलींना मुंबईत शिकवले होते आणि १९०४ साली दोघींना इंग्लंडमधील हेझलमिअरच्या निवासी शाळेत धाडले. आपल्या गावात दहावीच्या निकालात मुली मुलांच्या पुढे दिसल्या म्हणून आनंद मानणाऱ्या आणि अकरावीला त्यांनाच घरी बसवणाऱ्या वडिलांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, ही नम्र विनंती.

१९०६ साली ते रजेवर लंडनला होते. ज्या शहरात सोळा वर्षांचा, डोळ्यांनी अधू असा मुलगा दप्तर घेऊन उतरला होता, त्याच शहरात १९ ऑगस्ट १९०६ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे देहावसान झाले. वय एकसष्ट. मुंबईत त्यांची अंजुमन तेव्हा बत्तीस वर्षांची होती. आज तिच्या शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्यांमध्ये ज्यांच्या घरी उर्दू, मराठी वा कोकणी बोलली जाते अशी हजारो मुले-मुली आहेत.