रक्तवाहिनीला टाका घालणारे कॅरेल

जून १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियों शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली. ती शिवण्याची खात्रीची पद्धत शल्यविशारदांकडे नव्हती आणि कार्नो रक्तस्रावाने दगावले. त्याच शहरात वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या अलेक्सिस कॅरेल (१८७३-१९४४) यांच्या मनाला ही हतबलता लागून राहिली.

त्यांनी भरतकामात निपुण असलेल्या एका स्त्रीकडून बारीक सुई आणि रेशमी धागा हाताळण्याचे धडे घेतले. वाहिनीच्या तोंडाला तीन टाके घालून ते ताणले, की गोल कडा त्रिकोणी होते आणि सरळ शिवता येते. १९०२ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९०४ मध्ये मायदेश सोडून ते अमेरिकेकडे वळले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत असताना, १९१२ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढचे आयुष्य मात्र निष्कलंक राहिले नाही. १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी वंशशुद्धीच्या क्रूर कल्पनांचा पुरस्कार केला. महायुद्धकाळात ते फ्रान्समधील विशी राजवटीच्या आश्रयाने काम करीत राहिले. नोव्हेंबर १९४४ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा टाका मात्र मेंदूपर्यंत पोहोचला. मानेतील रक्तवाहिनी बंद झाली, तर मेंदूला दुसऱ्या वाटेने रक्त मिळावे व पक्षाघात टळावा, या हेतूने १९६७ मध्ये झुरिच येथे गाझी याशारगिल यांनी कानशिलावरची रक्तवाहिनी कवटीच्या आतील रक्तवाहिनीला जोडली. कल्पना तर्कशुद्ध होती. शस्त्रक्रिया अनेक देशांत रूढ झाली. परंतु १९८५ मध्ये १,३७७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत औषधोपचारांपेक्षा तिचा अधिक लाभ दिसला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीतही हाच निष्कर्ष निघाला. त्या चाचणीत पहिल्या तीस दिवसांत पक्षाघाताचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत १४.४ टक्के, तर इतरांत २ टक्के होते. जोडलेल्या वाहिन्यांतून रक्त मात्र बहुतेकांत व्यवस्थित वाहत होते.

म्हणजे टाका फसला नव्हता; त्याने पक्षाघात टळेल हे गृहीतक फसले होते. मोयामोयासारख्या विकारात ही शस्त्रक्रिया आजही उपयोगी पडते. मानेतील रक्तवाहिनी बंद पडलेल्या बहुतेकांना मात्र रक्त पातळ ठेवणारी औषधे, रक्तदाब व कोलेस्टेरॉलवर नियंत्रण आणि धूम्रपानाचा त्याग यांचाच मुख्य आधार आहे. एखादी शस्त्रक्रिया करता येते, एवढ्यावरून ती करावी असे ठरत नाही. कॅरेल यांच्या कौशल्याचा गौरव करताना हा धडाही लक्षात ठेवायला हवा.