फादर थॉमस स्टीफन्स : मायबोलीतील धर्मशिकवण

धर्मसिद्धांत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाठांतराची पुस्तिका उभी राहते. वस्तुतः ‘डॉक्ट्रिना’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ शिकवण असा आहे, आणि शिकणाऱ्यास उमजते तीच खरी शिकवण. हे ज्यांनी आपल्या भाषेत घडवून दाखविले, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे आपण कृतज्ञतेने स्मरण करू या.

१५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. मायदेशी कॅथलिक श्रद्धेवर निर्बंध होते. १५७५ साली रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात पोहोचले आणि पुढील आयुष्याचा बहुतांश काळ त्यांनी साष्टी प्रांतात वेचला.

तो काळ कठीण होता. देवळांच्या विध्वंसाने दुखावलेल्या कुंकळ्ळीत १५८३ साली पाच येशूसंघीयांची हत्या झाली. नवख्रिस्ती भाविकांची जुनी पुराणे सुटली होती आणि पाठ केलेल्या उत्तरांनी त्यांच्या मनाची भूक भागत नव्हती. फादरांनी ही उणीव ओळखली. मराठी व कोंकणी आत्मसात करून त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा इतिहास आहे, तर दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र आहे. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा लोकांच्या ओठांवरचा शब्द योजिला. श्रद्धा तीच राहिली, वाणी मात्र येथली झाली.

प्रश्नोत्तररूपाने श्रद्धेची मूलतत्त्वे उलगडणारा धर्मशिक्षणग्रंथही त्यांनी कोंकणीत लिहिला. १६१९ साली त्यांचे निधन झाले. हा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १६२२ साली रायतूर येथे प्रसिद्ध झाला.

त्यांच्यापुढील प्रश्न आज आपल्याही पुढे आहे. वर्धा जिल्ह्यातील गिरडची टेकडी शेख फरीदबाबांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध असून तेथे निरनिराळ्या धर्मांचे लोक श्रद्धेने येतात. अशा परिसरात एखाद्या शेजाऱ्याने आपणांस पवित्र त्रैक्याचा वा क्रुसाचा अर्थ विचारला, तर केवळ पाठ केलेले उत्तर अपुरे पडेल. आपणांस समजलेले, आपल्या आचरणात उतरलेले आणि साध्या मराठीत सांगता येणारे उत्तरच त्याच्या मनाला भिडेल. आपले धर्मशिक्षक व पालक यांना ही कृपा लाभो, अशी आपण प्रार्थना करू या.