कै. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा

वर्ध्याचें नांव घेतलें कीं महात्मा गांधी, श्री. विनोबा भावे व शेठ जमनालाल बजाज या तीन व्यक्ति प्रथम डोळ्यांपुढें उभ्या राहतात, आणि तें योग्यच आहे. परंतु याच वर्धा शहरांत, मगनवाडी नांवाच्या आवारांत, एक तामिळ ख्रिस्ती गृहस्थ कित्येक वर्षें एका साध्या झोंपडींत राहिला, आणि खेड्यांतील तेली, कुंभार, चांभार व कोष्टी यांच्या धंद्यांचा त्यानें जितका बारीक अभ्यास केला तितका त्या काळीं क्वचितच कोणी केला असेल. विद्यार्थ्यांना त्याचें नांव सहसा ठाऊक नसतें. म्हणून यंदाच्या अंकासाठीं त्याचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे.

जोसेफ कॉर्नेलियस यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजीं तंजावर येथें झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यांत नोकरीस होते. घरांत ख्रिस्ती धर्माचें वळण कडक होतें, आणि राहणी, भाषा व पोषाख या बाबतींत इंग्रजी रीतीचें अनुकरण होत असे. दक्षिणेंतील त्या पिढीच्या अनेक सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांची हीच तऱ्हा होती. तरुण जोसेफ विलायतेस गेले, हिशेबतपासनिसाची मोठी परीक्षा लंडनमध्यें उत्तीर्ण झाले, आणि कांहीं काळ तेथेंच काम करीत राहिले. आईच्या इच्छेवरून ते १९१९ सालीं हिंदुस्थानांत परतले व मुंबईस त्यांनीं हिशेबतपासणीचा धंदा मांडला. धंदा चांगला चालला. रेशमी सूट, हातांत छडी, उत्तम इंग्रजी आणि कामांत चोखपणा, असे हे गृहस्थ मुंबईच्या व्यापारी जगांत प्रतिष्ठा पावले होते. त्यांनीं आपलें आयुष्य तसेंच घालविलें असतें तर त्यांना कोणीही दोष दिला नसता.

१९२७ सालीं ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज येथील विद्यापीठाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. तेथें प्रो. सेलिग्मन हे सार्वजनिक आयव्ययाचे विख्यात पंडित होते. एकदां एका चर्चमध्यें, हिंदुस्थान दरिद्री कां, या विषयावर जोसेफ यांनीं व्याख्यान दिलें आणि त्याचा वृत्तान्त न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत छापून आला. तो सेलिग्मन यांच्या पाहण्यांत आला, व आपल्या शिष्यानें प्रबंध लिहावयाचा तर याच विषयावर लिहावा असें त्यांनीं सुचविलें. शिष्यानें सरकारी अहवाल उघडले. जो मनुष्य मुंबईच्या पेढ्यांच्या वह्या तपाशीत असे, तो आतां साम्राज्याची वही तपासूं लागला. रयतेकडून कर किती येतो, त्यांतील लष्करावर किती जातो, कर्जाच्या व्याजापायीं किती जातो, आणि रयतेच्या शिक्षणासाठीं व आरोग्यासाठीं काय उरतें, हें सर्व त्यानें हिशेबनिसाच्या थंड डोक्यानें मांडलें. राजकारणांत ज्याला रस नव्हता त्याला आंकड्यांनीं राजकारणांत ओढलें. याच सुमारास त्यांनीं कॉर्नेलियस हें आडनांव मागें टाकून कुमारप्पा हें आपल्या घराण्याचें नांव धारण केलें. धर्म मात्र त्यांनीं कधींही सोडला नाहीं.

१९२९ सालीं परत आल्यावर आपला प्रबंध छापावा असें त्यांच्या मनांत होतें. तो महात्माजींना दाखवावा असें कोणी सुचविलें, आणि ९ मे १९२९ रोजीं साबरमतीच्या आश्रमांत भेट ठरली. कुमारप्पा रेशमी पोषाखांत, हातांत छडी घेऊन, ठरल्या वेळेच्या थोडें आधींच निघाले. वाटेंत एका झाडाखालीं सारविलेल्या जमिनीवर एक म्हातारा चरखा चालवीत बसलेला त्यांना दिसला. चरखा त्यांनीं पूर्वीं पाहिलेला नव्हता, म्हणून छडीवर टेकून ते कौतुकानें पाहत उभे राहिले. कांहीं वेळानें म्हाताऱ्यानें, आपणच कुमारप्पा काय, असें विचारलें. तेव्हां कोठें आपण कोणापुढें उभे आहों हें त्यांच्या ध्यानांत आलें. ते तसेच, रेशमी कपड्यांची पर्वा न करितां, जमिनीवर बसले. कोणी खुर्ची आणून दिली ती त्यांनीं घेतली नाहीं.

प्रबंध 'यंग इंडिया' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाला. पण महात्माजींना प्रबंधापेक्षां प्रबंधकार अधिक हवा होता. गुजराथेंतील एका तालुक्याची आर्थिक पाहणी करावी असें त्यांनीं सांगितलें. कुमारप्पांना गुजराथी येत नव्हती, हिंदीही येत नव्हती. तरी गुजराथ विद्यापीठांतील विद्यार्थी बरोबर घेऊन ते खेडा जिल्ह्यांतील मातर तालुक्यांत गेले, आणि घरोघर फिरून जमीन, पीक, गुरें, कर्ज व सारा यांची नोंद केली. खेड्याशीं त्यांचा खरा परिचय येथें झाला. ग्रंथांत वाचलेलें दारिद्र्य व चुलीपाशीं बसून मोजलेलें दारिद्र्य यांत फार अंतर असतें.

पुढें सत्याग्रहाचा काळ आला. महात्माजी तुरुंगांत गेल्यावर 'यंग इंडिया'चा भार कुमारप्पांवर पडला व तेही तुरुंगांत गेले. १९३२ सालीं त्यांना पुन्हा शिक्षा झाली. याच लढ्याच्या दिवसांतील एक गोष्ट आम्हां ख्रिस्ती मंडळींस विशेष विचार करावयास लावणारी आहे. कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप वेस्टकॉट यांनीं कायदेभंगाविरुद्ध मत दिलें असतां, कुमारप्पांनीं त्यांस जाहीर पत्र लिहून ख्रिस्ताची अहिंसा व सत्याग्रह यांत विरोध कोठें आहे असा प्रश्न केला. त्या काळीं अनेक ख्रिस्ती घरांत राष्ट्रीय चळवळीचें नांव काढणेंही धोक्याचें वाटे, व शेजाऱ्यांनाही ख्रिस्ती मनुष्य म्हणजे साहेबाचा मनुष्य असें वाटे. दोन्हीकडून येणारा हा संशय कुमारप्पांनीं उघड्या छातीनें सोसला. आपल्या येशूभक्तीविषयीं ते कोणाचीही क्षमा मागत नसत, आणि आपल्या देशभक्तीविषयींही नाहीं.

१५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला. बाबू राजेन्द्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं मदतनिधि उभा राहिला. देशभरांतून पैसा येऊं लागला. तेव्हां हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांवर सोंपविण्यांत आली. त्यांनीं प्रत्येक स्वयंसेवकास जेवणासाठीं दिवसाला तीन आणे एवढेंच ठरविलें. पुढें स्वतः महात्माजी आपल्या मंडळीसह पाटण्यास आले, तेव्हां त्यांच्या भोजनाचा व मोटारीच्या तेलाचा खर्च निधींतून मिळणार नाहीं, असें कुमारप्पांनीं महादेवभाई देसाई यांना स्पष्ट सांगितलें. भूकंपग्रस्तांसाठीं आलेला पैसा इतर कोणाच्याही पानावर वाढतां येत नाहीं, मग तें पान कोणाचेंही असो, असा त्यांचा हिशेब होता. महात्माजींनीं तो मान्य केला. ज्या मुलांस पुढें संस्थांचे चिटणीस व खजिनदार व्हावयाचें आहे त्यांनीं ही गोष्ट दोनदां वाचावी.

त्याच वर्षाच्या अखेरीस, १४ डिसेंबर १९३४ रोजीं, वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष वर्ध्याचे श्री. श्रीकृष्णदास जाजू, आणि संघटक व चिटणीस कुमारप्पा. शेठ जमनालालजींनीं आपली बाग व इमारत संघास दिली. महात्माजींचे दिवंगत पुतणे व सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी असें नांव पडलें. स्वतः महात्माजी १९३६ मध्यें शेगांवास, म्हणजे पुढील सेवाग्रामास, जाईपर्यंत येथेंच राहत होते. कुमारप्पांचे धाकटे बंधु भारतन् हेही या कामांत सामील झाले.

मगनवाडींत काय चालत असे, हें आपल्या जिल्ह्यांतील वाचकांना सहज समजेल. खेड्यांतला तेली जवस, तीळ, भुईमूग बैलाच्या घाणींत गाळीत असे. तेल घरांत राही, ढेप गुरांना मिळे, आणि गाळणावळ गांवांतच फिरे. यांत्रिक गिरणी आली तेव्हां बीं गांवाबाहेर गेलें, आणि शेतकरी आपल्याच शेतांतील तेल व ढेप विकत घेऊं लागला. तेल्याचा बैल विकला गेला व तेली मजूर झाला. कुमारप्पा केवळ हळहळत बसले नाहींत. जुन्या घाणींत तेल कमी कां निघतें, बैलाची शक्ति कोठें फुकट जाते, उखळाचा आकार कसा असावा, याचे प्रयोग मगनवाडींत झाले, आणि मगन घाणी या नांवानें सुधारलेली घाणी तयार झाली. तसेंच तांदुळाचें. गिरणींत पांढरा शुभ्र केलेला तांदूळ डोळ्यांना सुखवितो, परंतु कोंड्याबरोबर त्याचें सत्त्वही निघून जातें. वरचें टरफल तेवढें काढावें व तांदूळ हातसडीचा खावा, हा प्रचार संघानें नेटानें केला. हातकागद, गूळ, मधमाशा पाळणें, चामडें कमावणें, साबण, मातीचीं भांडीं, असे अनेक धंदे तेथें शिकविले जात. रॉकेलऐवजीं तेलबियांच्या तेलावर जळणारा मगनदीप निघाला. पुढें धूर बाहेर काढून देणारी मगन चूलही निघाली. चुलीच्या धुरानें डोळे लाल झालेली आई ज्यांनीं पाहिली आहे त्यांना त्या चुलीची थोरवी सांगावयास नको. ३० डिसेंबर १९३८ रोजीं महात्माजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय आजही वर्ध्यांत आहे.

त्यांच्या विचारांचें मूळ निसर्गाच्या निरीक्षणांत होतें. एका वृक्षावर वाढून त्यालाच शोषणारें बांडगूळ, झाड न लावतां फळें ओरबाडणारें माकड, मध घेतां घेतां फुलांना फलद्रूप करणारी माशी, साऱ्या पोळ्यासाठीं राबणारा तिचाच समुदाय, आणि मोबदल्याची अपेक्षा न धरतां पिलांना भरविणारी पक्षीण, अशा पायऱ्या ते दाखवीत. व मनुष्याचा व्यवहार यांपैकीं कोणत्या पायरीवर उभा आहे असें विचारीत. कोळसा व खनिज तेल हे सांठे एकदां संपले म्हणजे संपले, उलट जंगल, जमीन व पाणी जपून वापरल्यास टिकतात, हा भेद त्यांनीं अशा वेळीं सांगितला कीं तेव्हां बहुतेक विद्वान त्याला हंसत. आज त्याला कोणी हंसत नाहीं.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें त्यांच्याकडून प्रांताच्या उद्योगधंद्यांची पाहणी करविली. राष्ट्रीय नियोजन समितीवरही त्यांना घेतलें होतें, पण तेथें मोठ्या यंत्रांचाच विचार चालतो असें पाहून ते बाहेर पडले. हा त्यांचा स्वभावच होता. ते तापट होते, बोलणें तिखट होतें, आणि तडजोड त्यांना जमत नसे. रक्तदाबाच्या विकारानें तर तो स्वभाव अधिकच धारदार केला. माझ्या मतें त्यांच्या कित्येक सूचना मागें पडल्या त्याला कालाइतकाच हा स्वभावही कारण झाला. यंत्राच्या बाबतींतही त्यांनीं कधीं कधीं टोंक गांठलें. ज्या स्त्रीला पहांटे उठून दळावें लागतें तिला पिठाच्या गिरणीचा राग येत नाहीं, हें आपण खेड्यांत पाहतोंच.

महायुद्धाच्या काळांत सरकार धान्य व माल उचलून त्याबदल्यांत कागदी नोटा देत होतें आणि महागाई भडकत होती. शुभवर्तमानांतील भाकर व धोंडा यांच्या दृष्टान्तावरून मथळा घेऊन कुमारप्पांनीं 'ग्रामोद्योग पत्रिके'त या व्यवहारावर लेख लिहिला, व त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. पुढें जबलपूरच्या तुरुंगांत त्यांनीं दोन पुस्तकें लिहिलीं; एक येशूच्या आचारविचारांविषयीं, दुसरें टिकाऊ अर्थव्यवस्थेविषयीं. तीं १९४५ सालीं प्रसिद्ध झालीं व दोहोंनाही महात्माजींनीं प्रस्तावना लिहिली. एकाच कोठडींत, एकाच लेखणीनें लिहिलेलीं हीं पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं असतां, त्यांचा धर्म व त्यांचें अर्थशास्त्र हे दोन विषय नव्हते असें ध्यानांत येतें.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसनें जमीनसुधारणेविषयीं नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. तिचा अहवाल १९४९ मध्यें निघाला. कुळांना संरक्षण मिळावें, कसणाऱ्याच्या हातीं जमीन यावी, अशा त्यांतील शिफारसी होत्या. पण नव्या राज्यकर्त्यांची दृष्टि धरणें व कारखाने यांकडे होती, आणि ज्यांच्या बरोबर तुरुंग भोगला त्यांच्याशीं कुमारप्पांचे मतभेद वाढत गेले. मग ते पुन्हा आपल्या जिल्ह्यांतील मातीकडे वळले. वर्ध्याजवळ सेलडोह येथें त्यांनीं पण्णै आश्रम काढला; पण्णै म्हणजे तामिळ भाषेंत शेत. गांवाच्या गरजेला लागेल तेवढें धान्य, डाळ, तेलबीं, भाजी व कापूस गांवांतच पिकवावा, नगदी पिकामागें धांवूं नये, हा तेथील प्रयोगाचा हेतु होता. कपाशीच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या भागांत हा प्रयोग करणें म्हणजे वाऱ्याविरुद्ध चालणें होतें. प्रकृति ढासळत चालली होती, माणसें व पैसा अपुरा होता, आणि प्रयोग पूर्ण रुजण्यापूर्वींच त्यांना तो सोडावा लागला.

१९५३ च्या सुमारास ते मदुरा जिल्ह्यांतील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमांत जाऊन राहिले. त्यांनीं विवाह केला नव्हता. संपत्ति म्हणावी अशी कांहीं नव्हती. तेथील त्यांच्या खोलींत दोन चित्रें असत. एक महात्माजींचें, तें आपल्या धन्याचें म्हणून ते पाहुण्यांस दाखवीत. दुसरें एका दरिद्री खेडुताचें. तें आपल्या धन्याच्या धन्याचें, असें ते सांगत. १९५७ मध्यें बंधु भारतन् वारले. ३० जानेवारी १९६० रोजीं, महात्माजींच्या बाराव्या पुण्यतिथीच्याच दिवशीं, मद्रास येथें रुग्णालयांत जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांनीं वयाच्या ६८ व्या वर्षीं देह ठेविला.